गाडीच्या खोलीत माणूस

आमच्या लोणीत ‘गॅरेज’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे घर येत नाही. सोलापूर रोडला तेलाच्या डेपोंतून निघणारे टँकर, जॅकवर चढवलेलं एखादं धूड, त्याच्याखाली पाठीवर पडलेला ऑइलने माखलेला पोरगा, हे आमचं गॅरेज. घराच्या बाजूला गाडीसाठी सोडलेल्या जागेला लोक ‘पार्किंग’ म्हणतात, ‘शेड’ म्हणतात, जुनी माणसं ‘मोटारीची खोली’ म्हणतात. नकाशावर मात्र मी इतकी वर्षं ‘गॅरेज’ हाच शब्द लिहीत आलो. त्यामुळे कुणी ऑफिसात येऊन, खुर्चीच्या टोकावर बसून, “साहेब, पार्किंगचं जरा विचारायचं होतं,” असं म्हणालं की मला कळतं, भिंत घालायचीय. निम्म्या वेळा ती घालूनही झालेली असते. विचारायला आलेला माणूस खरं तर माफी मागायला आलेला असतो.

मी डिप्लोमा झालेला, परवाना असलेला इंजिनिअर. लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, कुंजीरवाडी, थेऊर फाटा एवढ्या टापूत घरांचे नकाशे काढतो आणि ते मंजूर होईपर्यंत फाइलमागे फिरतो. १९९७ ला सुरुवात केली तेव्हा ट्रेसिंग पेपर होता. रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, आणि एकाच जागी दोनदा चुकली की कागदाला भोक. अमोनिया प्रिंटचा वास शर्टातून दोन धुण्यांनीही जायचा नाही. मग त्या प्रिंटवर हाताने रंग भरायचे. पाडायचं काम पिवळ्या रेघांनी, नवं काम लाल, सांडपाण्याची लाइन लाल ठिपक्यांची. हे रंग आजही तेच आहेत, फक्त आता संगणक भरतो. गॅरेजची खोली करायची म्हणजे सगळ्या नकाशात बोटभर लाल. एक भिंत, एक खिडकी, शटरच्या जागी दार. गवंड्याचं चार दिवसांचं काम. ह्या बोटभर लालने मला जेवढं शिकवलं तेवढं तीन मजली इमारतींनी शिकवलं नाही.

तेव्हाचे नकाशे आता उघडले की हसू येतं. बंगला म्हटला की गॅरेज दाखवायचंच. मालक सायकलवरून लोणी स्टेशनला जाऊन दौंड-पुणे गाडी पकडणारा, आणि त्याच्या नकाशात मी मोटार काढून ठेवलेली, वरून दिसणारी, चार चाकांसकट. अशाच एका घराच्या गॅरेजचा मी जवळजवळ तीस वर्षं साक्षीदार आहे. आधी त्यात एसटीडी-पीसीओ आलं, लाल मीटरचं. मग झेरॉक्स. मग तीन संगणकांचं सायबर कॅफे. ते बसल्यावर मोबाइल दुरुस्ती, कोरोनात भाजीपाला आणि सॅनिटायझर, आणि आता केकचं दुकान. शटर तेच, रंग सहा वेळा बदलला. गाडी त्या खोलीत एकदाही शिरली नाही. घरात पहिली गाडी आली २०१४ ला, ती रस्त्यावर उभी राहते. मंजूर नकाशात ती १९९८ पासून सुखाने आत उभी आहे.

असल्या घरमालकाला परवानगीचं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, “घरपट्टी भरतो की!” खिशातून नमुना आठचा उतारा निघतो. त्यावर दुकानाचीही आकारणी असते, म्हणजे ग्रामपंचायतीला माहीत आहे, म्हणजे झालंच की. ह्या एका गैरसमजावर आमच्या भागातली निम्मी बांधकामं उभी आहेत. घरपट्टी म्हणजे जे उभं आहे त्यावरचा कर. ते तसं उभं करायची मुभा होती का, हे तो उतारा सांगत नाही. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा, ज्याला आम्ही सगळे एमआरटीपी म्हणतो, त्यात ‘विकास’ ह्या शब्दाची व्याख्या फार लांब हात पसरून बसली आहे. वीट न लावता नुसता वापर बदलला, तरी तो विकास. गाडीच्या जागी गिऱ्हाईक उभं राहिलं की विकास झाला. हे समजावून सांगताना मी कित्येकदा लोकांना हसताना पाहिलंय. “एवढ्यात विकास झाला व्हय? मग आमदाराला सांगा की.”

परवानगी कुठं मागायची हेही ह्या काळात बदलत गेलं. गावठाणात ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर कलेक्टर कचेरी आणि नगररचना विभाग, असं पूर्वी होतं. २०१५ ला पीएमआरडीए झालं. त्याचं ऑफिस आधी औंधला, मग आकुर्डीला. लोणीहून आकुर्डी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. मी पुण्यापर्यंत दौंडची गाडी आणि तिथून लोणावळा लोकल असा जायचो. जेवणाचा डबा वाचवायचा की फाइल, असा प्रश्न गर्दीत यायचा. आता सगळं ऑनलाइन आहे, पण घरमालकाला अजूनही ‘साहेब स्वतः जाऊन आले’ ह्याचाच विश्वास वाटतो.

ह्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा मी दिलेला सल्ला सांगतो. “घाला भिंत. कोण बघतंय?”

हे मी कबूल करायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. लोकांना वाटतं आमच्यासारखे इंजिनिअर नियमांची बाजू घेतात. आम्ही गिऱ्हाइकाची बाजू घेतो. एका खोलीसाठी फाइल करायची तर सात-बारा, मोजणी नकाशा, जुना मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, सगळं गोळा करण्यात दोन महिने जाणार. जुना मंजूर नकाशा तर बहुतेकांच्या घरी ट्रंकेत उंदरांनी मंजूर केलेला असतो. एवढं करून फी मिळणार किरकोळ. त्यापेक्षा “घाला भिंत” म्हटलं की माणूसही खूश आणि आपणही मोकळे.

२०१८ च्या उन्हाळ्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांची आई पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. झोपायच्या खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि बाजूला गॅरेज. गॅरेजमध्ये एक स्कूटर आणि कांद्याच्या गोण्या. “आईला वर नेता येत नाही. तिथं खोली करू का?” मी जाऊन बघितलं. दहा बाय अठराची जागा, हवेशीर करता येण्यासारखी, हॉलला लागून. मी नियमाचं सांगितलं, फाइलचं सांगितलं, आणि शेवटी तेच वाक्य म्हणालो. म्हातारीला खोली आज हवी होती, पीएमआरडीएच्या टेबलावरून दिवाळीत येणारी नको होती. आजही मला त्या क्षणी दुसरं काय म्हणायला हवं होतं ते चटकन सुचत नाही.

शटर निघालं, भिंत आली, खिडकी आली. गवंड्याने गॅरेजची फरशी उकलली नाही, त्याच्यावरच टाइल्स बसवल्या. वायरमनने आजींचा हात पलंगावरून पोचावा म्हणून स्विचबोर्ड खाली घेतला. सगळ्यांनी प्रेमाने केलं. मी पेढा खाल्ला.

ऑक्टोबर २०२० मधला तो पाऊस ह्या भागातला कुणी विसरलेला नाही. १४ तारखेच्या रात्री सोलापूर रोडच्या दोन्ही अंगांना ओढे नाले एक झाले होते. त्या घराच्या अंगणात पाणी आलं. हॉलला तीन पायऱ्या, त्यामुळे हॉल कोरडा. आजींच्या खोलीला पायरी नव्हतीच, कारण गाडीला पायरी चढता येत नाही. सुनेला पहाटे जाग आली ती कसलातरी डबा भिंतीवर टकटक आपटतोय म्हणून. औषधांचा डबा तरंगत होता. पलंगाखाली वीतभर पाणी, आणि आजी पलंगावर जाग्या, गप्प, कुणाला उठवायला नको म्हणून अंधारात बसलेल्या. खाली घेतलेल्या बोर्डापर्यंत पाणी पोचायच्या आत लाइट गेली होती, हे नशीब. त्यांना काही झालं नाही. पुढचे दिवस त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपल्या. आल्यागेल्याला सांगायच्या, “मला मोटारीच्या खोलीत ठेवलं होतं ना, तिथं पाणी आलं.” तक्रार नसायची आवाजात. मला मात्र ते वाक्य दोन वर्षं ऐकू येत राहिलं.

आठवड्याने मी टेप घेऊन गेलो. जे मोजायला हवं होतं ते दोन वर्षं उशिरा मोजलं. राहत्या घराचं जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावं, गाडीच्या जागेला १५ चालतं. मधला फरक एक फूट. मला हे पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण एक फूट म्हणजे म्हातारीचा पलंग कोरडा की ओला, हे माझ्या डोक्यात कधी उतरलंच नव्हतं. बरं, फरशी आता फूटभर उचलावी म्हटलं तर वर काय? राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर लागते. हे गॅरेज जुन्या नियमाने बांधलेलं, प्लॉटच्या मार्जिनमध्ये. त्या काळी बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात, हद्दीला खेटून, गाडीसाठी बैठी खोली चालायची, अट एवढीच की उंची २.४ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. तेवढी बुटकी म्हणूनच तिला शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत जायची सवलत. आता २.४ मधून फूटभर गेला की उरतात २.१. त्या उंचीत बाथरूम मंजूर होतं. पंखा लावला तर उभ्या माणसाने हात वर करायचा नाही.

म्हणजे खाली पाणी, वर पंखा, आणि बाजूला शेजाऱ्याची हद्द, तिकडे खिडकी काढता येत नाही. ती खोली गाडीसाठीच बरोबर होती. तिची लांबी, रुंदी, उंची, उतार, जागा, सगळं गाडीच्या मापाने ठरलेलं होतं, आणि मी चार दिवसांत तिच्यात माणूस बसवला. आम्ही शेवटी हॉलचा एक कोपरा पार्टिशनने तोडून आजींना दिला आणि मोटारीच्या खोलीत पुन्हा स्कूटर आणि कांदे गेले. ते पार्टिशन २०१८ लाही करता आलं असतं. त्याला परवानगीसुद्धा लागली नसती.

माझा भाचा इंग्लंडात असतो. त्याने मागे गॅरेजची खोली करून घेतली, घरून काम करायला. फोनवर म्हणाला, “मामा, परवानगी लागलीच नाही.” मी उडालो. मग त्याने बाकीचं सांगितलं. तिकडे बऱ्याच घरांना असा बदल करायला नगररचनेची परवानगी मागावी लागत नाही, पण बांधकामाचे नियम लागतात ते लागतातच. जमिनीची ओल, भिंतीतली थंडी अडवणारा थर, आग लागली तर बाहेर पडायची वाट, सगळं तपासायला इन्स्पेक्टर येऊन गेला, आणि तपासल्याचा दाखला नसेल तर उद्या घर विकताना अडतं. मला त्या फोननंतर बराच वेळ गप्प बसायला झालं. मी आयुष्यभर परवानगी आणि नियम हे एकच समजत आलो होतो. आमच्याकडे सगळी धावपळ परवानगीची, शिक्का, चलन, सही. ती चुकवता आली की नियमही चुकवला असं आपण धरून चालतो. पाण्याला मात्र शिक्क्याचं काही माहीत नसतं.

त्यानंतर मी धंद्याची पद्धत बदलली असं म्हणण्याइतका मी शूर नाही. एवढंच बदललं की आता कुणी पार्किंगचं विचारायला आलं की मी आधी टेप घेऊन जातो आणि मग तोंड उघडतो.

अर्थात, परवानगी नसल्याचे दणकेही बसतात, आणि ते पाण्यापेक्षा संथ येतात. राजबागेच्या अंगाला एका शिक्षक जोडप्याने घर विकायला काढलं. मुलगी बंगळूरला, दोघं तिकडे जाणार. गिऱ्हाईक ठरलं, विसार झाला. गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्यूअर आला आणि मंजूर नकाशा हातात घेऊन घरभर फिरला. नकाशात गॅरेज, जागेवर शिकवणीचा वर्ग, बेंच आणि फळ्यासकट. नकाशात बाजूची मार्जिन मोकळी, जागेवर पत्र्याची शेड. त्याने दोन ओळी लिहिल्या, बँकेने कर्ज अडकवलं. सर माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात वीस वर्षांपूर्वीचा माझाच नकाशा होता, माझ्या सहीचा. “तुम्हीच म्हणाला होता ना, कोण बघतंय?” मी म्हणालो होतो. बघणारा आला होता, फक्त वीस वर्षांनी. शेवटी बेंच निघाले, भिंत पाडली, शटर पुन्हा बसवलं, भंगारातून आणून. ज्या दिवशी फेरपाहणी झाली त्या दिवशी सरांनी शेजाऱ्याची मारुती मागून आणून आत उभी केली होती. त्याची गरज नव्हती, पण त्यांना वाटलं नकाशासारखं दिसावं.

सोसायट्यांची गोष्ट आणखी निराळी. कदमवाकवस्तीला स्टेशनच्या बाजूने इमारती उठल्या तसे मला तिथून फोन यायला लागले. तळमजल्यावर खांबांवर उभी इमारत, खाली पार्किंग. एकाने आपल्या वाटच्या दोन खांबांमध्ये भिंती घालून शटर लावलं, माल ठेवायला. बाकीचे चिडले. त्याच्याकडे करारनामा, त्यात लिहिलेलं, ‘गॅरेज क्रमांक अमुक, रक्कम अमुक’. पैसे मोजलेला माणूस, त्याचं चुकलं कुठं? मला त्या बैठकीत मुंबईच्या दहिसरच्या पांचाली सोसायटीची केस सांगावी लागली. तिथेही खांबांखालच्या २५ पार्किंगच्या जागांचा वाद होता, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खांबांखालची उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सगळ्यांची आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. पुढे रेराच्या कायद्यात गॅरेजची व्याख्याच आली. वर छत आणि तीन बाजूंना भिंती असतील तर गॅरेज. म्हणजे आमच्या ह्या गड्याने विकत घेतलं ते गॅरेज नव्हतं, आणि भिंती घालून त्याने ते स्वतःच गॅरेज करून घेतलं होतं. हे ऐकून तो म्हणाला, “म्हणजे मी पैसे देऊन उघडी हवा घेतली.” बैठकीत पहिल्यांदा सगळे हसले. भिंती निघाल्या, पण शटरचं पार्सल अजून सोसायटीच्या गच्चीवर पडलंय.

खांबांमध्ये मनाला येईल तशा भिंती घालण्याबद्दल मला वेगळीच धास्ती आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत खांबांवर उभ्या इमारती कशा बसल्या त्याचे फोटो आमच्या पिढीच्या इंजिनिअरांनी पाहिलेत. वर भरलेले मजले, खाली नुसते खांब, ते खालच्या खाली मोडले. मग भिंती घातल्या तर बरंच की, असं लोक म्हणतात. सगळीकडे सारख्या आणि हिशेबाने घातल्या तर. एका कोपऱ्यात दोन भिंती घातल्या की इमारत हलताना त्या कोपऱ्याभोवती पिळवटते. हे मी सोसायटीत सांगतो तेव्हा लोक मोबाइल बघतात. भूकंपाची भीती लोणीत विकली जात नाही.

आणि मग गुंठेवाले. ह्यांच्यापुढे माझं सगळं ज्ञान हात टेकतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात घर, जिना, टाकी आणि पुढे पत्र्याखाली गाडी. मालक येतो, “पार्किंगची खोली करायचीय, रीतसर.” रीतसर हा शब्द ऐकून बरं वाटतं. मी विचारतो, मूळ नकाशा? नाही. एनए? नाही. सात-बारावर? बारा जणांची नावं, त्यात एक ह्याचं. गॅरेजची खोली करायला आधी गॅरेज असावं लागतं, आणि गॅरेज असायला कागदावर घर असावं लागतं. ह्याचं घर फक्त जमिनीवर आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ ला त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी पुढे ढकलल्यावर काहींना वाट मिळाली, पण ती वाटसुद्धा आधी अख्खं घर नियमित करा म्हणते. एका खोलीसाठी आलेला माणूस अख्ख्या घराची काळजी घेऊन परत जातो. असे कितीतरी जण मी हातात झेरॉक्सचा गठ्ठा धरून दारातून बाहेर पडताना पाहिलेत, आणि दर वेळी वाटतं, ह्याला काहीच न सांगता पाठवलं असतं तर त्याची झोप शाबूत राहिली असती.

आता सगळ्यात लाजिरवाणं. माझं ऑफिस ज्या गाळ्यात आहे, तो मंजूर नकाशात माझ्या चुलतभावाचं पार्किंग आहे.

तेवीस वर्षं मी तिथं बसून लोकांना पार्किंगबद्दल सल्ले दिले. माझ्या टेबलाच्या मागच्या भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलाय, आणि ती भिंतच बिनपरवाना. शिक्षकांच्या घराचं प्रकरण झाल्यावर मला तिथं बसवेना. २०२२ मध्ये मी आणि भावाने फाइल केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि थोडे भाग सोडून राज्याला एकच नियमावली आली होती. ती मी गिऱ्हाइकांसाठी वाचली होती, स्वतःसाठी वाचताना वेगळीच दिसली. इंजिनिअरला स्वतःच्या राहत्या घराच्या भागात ऑफिस चालतं. घर माझं नाही, भावाचं. मग रस्ता बघा. दुकानं-ऑफिसांची मोकळीक मोठी हवी तर नऊ मीटरचा रस्ता हवा. आमचा रस्ता कागदावर नऊ, टेपवर सातच्या आसपास, बाकीचा लोकांच्या कंपाउंडच्या आत. त्यात आमचंही कंपाउंड. आधी ते मागे घ्यावं लागलं. मग पार्किंग काढून घेतलं तर बदली पार्किंग दाखवा. अडीच बाय पाच मीटर. जागा उरली होती पुढच्या अंगणात, आणि तिथं चुलतीने लावलेला कढीपत्ता. अख्ख्या आळीला फोडणीला पुरणारं झाड. मी तीन वेळा नकाशा फिरवला, गाडी तिरकी उभी केली, शेवटी फाटक सरकवलं आणि झाड वाचलं. चुलती म्हणाली, “दुसऱ्यांच्या घरी एवढी डोकेफोड करतोस का रे?” करत नव्हतो.

दरम्यान साठ दिवस उलटले. कायद्यात अशी तरतूद आहे की अर्जावर साठ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. भाऊ नाचायला लागला. मीच त्याला थांबवलं, कारण त्या कलमाला पुढे शेपूट आहे. नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. एरवी हे वाक्य मी गिऱ्हाइकाला एका श्वासात सांगून मोकळा होतो. त्या वेळी मी रात्री दोन वाजता उठून पुढची मार्जिन पुन्हा मोजली. उत्तर नंतर आलं, एक त्रुटी काढून. पाण्याच्या टाकीचं झाकण मी दाखवायचं विसरलो होतो. गाडी नेमकी त्याच्यावर उभी राहत होती. सरते शेवटी चलन भरलं, परवानगी आली. ती मी फ्रेम केलेली नाही, पण ड्रॉवरमध्ये सगळ्यात वर असते.

गावात विद्यापीठ आल्यापासून आमच्याकडे पार्किंगला वेगळाच भाव आलाय. मुलं-मुली येतात, खोल्या हव्या असतात. शटर ओढलं, चार कॉट टाकल्या की महिना सुरू. अशा खोल्या मी पाहिल्यात, त्यात एकच दार, तेही शटर, आतून ओढून घेतलेलं, कोपऱ्यात पाच किलोचा सिलिंडर. तेलाच्या डेपोंच्या गावात राहून आपल्याला आगीचं एवढं सोयरसुतक का नाही, कळत नाही. इथं मी आता सरळ नाही म्हणतो. फी गेली तरी.

पण मागे एक जण आला तो खरोखर रीतसर करणारा. स्वतःची दुमजली इमारत, खाली खांब, पालखीच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. मागच्या अर्ध्या भागात तीन खोल्या काढायच्या होत्या. मी टेप टाकला, आणि गंमत म्हणजे सगळं बसलं. उंची होती, कारण बांधतानाच त्याने स्लॅब वर घेतला होता. जोतं उचलता येत होतं. एफएसआय शिल्लक. गाड्यांना बाजूला जागा. प्रत्येक खोलीला खिडकी आणि मागून बाहेर पडायला दुसरं दार. इतक्या वर्षांत इतकी सरळ फाइल माझ्या हाताला लागली नव्हती. मी रात्रीतून नकाशा काढला, लाल रंग भरला, आणि सकाळी त्याच्या घरी दाखवायला नेला.

त्याची आई शेजारी ताक घुसळत बसली होती. नकाशा तिला कळत नव्हता, पण लाल कुठं आहे ते कळलं. “तिथं दिंडी उतरती,” ती म्हणाली.

तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम लोणीत असतो. त्या रात्री गावातलं प्रत्येक पार्किंग, प्रत्येक शेड, शाळेचा प्रत्येक व्हरांडा वारकऱ्यांनी भरलेला असतो. ह्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून एकच दिंडी येते. तेव्हा जागेवर गोठा होता, मग शेड झाली, मग खांब आले. पन्नास-साठ माणसं त्या खांबांमध्ये पथाऱ्या टाकतात, एका खांबाला वीणा टेकवलेली असते, मागच्या कोपऱ्यात पिठलं शिजतं. पहाटे अंघोळी उरकून पालखी यवतकडे निघते आणि फरशी धुतली जाते.

मी नकाशाकडे पाहिलं. मागचा अर्धा भाग लाल. पुढच्या अर्ध्यात वीसेक माणसं झोपली असती. हे मला कुठल्या तक्त्यात भरता येत नव्हतं, त्याला मार्जिन नव्हती, क्षेत्रफळ नव्हतं. मुलगा आईकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. मग म्हणाला, “साहेब, एवढी पालखी जाऊ दे. मग फाइल टाकू.”

त्याला आता तीन आषाढ झाले. नकाशा तयार आहे. दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला मी त्याला फोन करतो, आणि तो तेच सांगतो.